जुन्या इस्टेटीच्या तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीचे, आता नोकरीमुळे इंग्लंडात रेडिंगला. कृष्णेच्या काठावर तंगूस, गळ आणि गांडूळ घेऊन बसण्यात लहानपण गेलेलं. जवळच्या एका जुन्या इस्टेटीच्या खासगी तळ्याचं जुलै महिन्यातलं डे तिकीट मिळालंय, बरोबर 10 वर्षांची मुलगी येणार आहे. परवाना लागतो का, सामान काय घ्यावं, कुठे बसावं, कुठला मासा धरावा आणि मासा घरी आणता येईल का, असं त्यांनी विचारलंय. मी बरीच वर्षं दक्षिण इंग्लंडातल्या इस्टेटींच्या तळ्यांवर मासेमारी करतो आणि अशाच एका तळ्याच्या देखभालीत हात लावतो, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

मासा घरी आणायचं आधी बोलतो, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. मासा घरी न्यायचा नाही. ट्राउट आणि सामन सोडून गोड्या पाण्यातले जे मासे इथे धरतात, म्हणजे कार्प, टेंच, ब्रीम, रोच, रड, पर्च, पाइक, ते धरून परत सोडायचे, ही इथली पक्की रीत आहे. खासगी पाण्यात तर प्रश्नच नाही. 1968 च्या थेफ्ट ॲक्टमध्ये खासगी पाण्यातले मासे विनापरवानगी नेण्याबद्दल वेगळी तरतूद आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी, असं गावाकडचे लोक मला विचारतात. एकदा चांगला टेंच हातात घेऊन बघा. सहा पौंडांच्या टेंचला तेवढा वाढायला बहुतेक दहाएक वर्षं लागलेली असतात. तुमच्या मुलीने आज सोडलेला मासा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी धरेल. या तळ्यांमध्ये मोठे मासे टिकून आहेत ते याच रीतीमुळे.

परवाना लागतो, आणि तो दोन प्रकारचा. इस्टेटीचं तिकीट हे जागेचं. त्याशिवाय एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड लायसन्स हवा, तळं कितीही खासगी असो. तो ऑनलाइन निघतो, एक दिवसाचाही मिळतो. 13 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, म्हणजे मुलीचा प्रश्न सुटला. 13 ते 16 वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतो. लायसन्सशिवाय सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तिकिटावर ‘एक रॉड’ लिहिलंय की ‘दोन’, आणि मुलगी स्वतःचा रॉड वापरणार असेल तर तिचं वेगळं तिकीट लागतं का, हे बेलिफला आधीच फोन करून विचारा. बेलिफ म्हणजे तळ्याची राखण करणारा माणूस. त्याच्याशी पहिल्यापासून मोकळेपणाने बोला, तळ्याची खडा न् खडा माहिती त्याच्याकडे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कृष्णा हे वाहतं पाणी. डोह कुठे, धार कुठे, हे तुम्ही पाण्याच्या अंगावरून ओळखत होतात. इस्टेटीचं तळं वरून बघितलं तर सगळीकडे सारखंच दिसतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. गाडी लावली, जवळची मोकळी जागा बघितली आणि बसला. माझं म्हणणं एवढंच आहे की ही तळी कुणीतरी बांधलेली आहेत. कशी बांधली ते कळलं की मासा कुठे असेल ते निम्मं कळतं.

इंग्लंडातल्या मोठ्या वाड्यांसमोरची बहुतेक तळी अठराव्या शतकातली. लॅन्सलॉट ब्राउन, ज्याला सगळे ‘केपेबिलिटी’ ब्राउन म्हणतात, तो यातला सगळ्यात नावाजलेला. तो दरीतला एखादा ओढा हेरायचा, खालच्या बाजूला मातीचा बांध घालायचा आणि वरचं पाणी वाड्याच्या खिडक्यांतून दिसेल असं पसरवायचा. ऑक्सफर्डशायरमधला ब्लेनहाइम हा वाडा त्याचं ठळक उदाहरण, तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही, जरूर बघून या. तिथे ग्लाइम नावाच्या छोट्या नदीवर व्हॅनब्रू या वास्तुविशारदाने आधीच भलामोठा पूल बांधून ठेवला होता, त्यात खोल्याही होत्या. 1760 च्या दशकात ब्राउनने नदी अडवली तेव्हा त्या पुलाचा खालचा भाग खोल्यांसकट पाण्याखाली गेला. विल्टशायरमधल्या स्टोअरहेडचं तळंही असंच, ओढे अडवून बांध घालून केलेलं.

म्हणजे तळं कितीही नैसर्गिक दिसलं तरी त्याचं पोट सुपासारखं असतं. ओढा येतो त्या तोंडाला उथळ, बांधाच्या बाजूला खोल. ओढ्याने दोन-अडीचशे वर्षं आणलेला गाळ तोंडाशी साचलेला असतो. ब्लेनहाइमचा क्वीन पूल हा वरचा भाग गाळाने इतका भरला की अलीकडे तो मोठ्या प्रमाणावर उपसावा लागला. बांधाजवळ एका ठिकाणी पाणी सोडायची झडप असते, तळ्यातली सगळ्यात खोल जागा साधारण तिच्या आसपास. आणि मधून, पाण्याखालून, जुन्या ओढ्याचा पाट अजून वळणं घेत जातो. तळ बाकी भागापेक्षा तिथे फूट-दोन फूट खोल असतो. ब्रीमचे थवे याच पाटाने ये-जा करतात. वाड्याच्या बाजूचा काठ नजरेसाठी मोकळा ठेवलेला असतो, तिथे हिरवळ थेट पाण्यापर्यंत येते. समोरच्या काठाला झाडी, ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी, आणि त्यांच्या सावलीत कमळांचे पट्टे. जुलैत मी समोरच्या काठाला जातो.

पोचल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास रॉड गाडीतच राहू द्या. पोलराइज्ड चष्मा लावा आणि मुलीला घेऊन तळ्याला एक फेरी मारा, हळू, काठापासून दोन पावलं आत राहून. टेंच आणि कार्पला पावलांचा धक्का जमिनीतून लगेच कळतो. या फेरीत बुडबुडे बघायचे. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक, फेसासारखे, झुबक्याने वर येणारे आणि थोडे थोडे सरकणारे बुडबुडे म्हणजे टेंच गाळात तोंड घालून खातोय. जरा मोठे, सरळ रेषेत पुढे जाणारे बहुधा कार्पचे. एकाच जागी दोन-चार मोठे बुडबुडे येऊन थांबले तर तो कुजणाऱ्या पानांचा वायू, त्याच्या नादी लागू नका. कमळाचा देठ वारा नसताना हलला तर खाली कुणीतरी आहे. वाराही बघा. दक्षिणेकडचा किंवा नैर्ऋत्येचा कोमट वारा एक-दोन दिवस वाहत असेल तर ज्या काठावर तो येऊन आपटतो तिथे अन्न आणि कोमट पाणी दोन्ही जमतं.

कुठला मासा धरावा? तुम्ही पत्रात कार्प लिहिलंय. तो मोह मला समजतो. आपल्याकडे धरणावरचे मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा मासा, इथल्या तळ्यांमध्ये जपून वाढवलेला. कार्पचं इथलं वेड सुरू झालं तेही एका इस्टेटीच्या तळ्यावरून. हेरफर्डशायरमध्ये बर्निथन कोर्ट नावाचं जुनं घर आहे, त्याच्या आवारात तीन एकरांच्या आसपासचं रेडमायर पूल. 1934 साली तिथे छोटे कार्प सोडले. सप्टेंबर 1952 मध्ये रिचर्ड वॉकर यांनी तिथे रात्री 44 पौंडांचा कार्प धरला. तोवर एवढा मोठा कार्प या देशात गळावर आणता येईल असं फारसं कुणाला वाटतच नव्हतं. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेला आणि तिथे तो 1971 पर्यंत जगला. त्याच पूलमधून 1980 मध्ये ख्रिस येट्स यांनी 51 पौंड 8 औंसांचा मासा काढला. आणि तुमच्याच बर्कशायरमध्ये, वेसिंग इस्टेटच्या तळ्यातून, 2016 मध्ये 68 पौंड 1 औंसाचा निघाला.

तरीही पहिल्या दिवशी कार्पच्या मागे जाऊ नका. त्याला जड रॉड लागतात, मासा लागला की वाजणारे बाइट अलार्म लागतात, मोठी जाळी, मोठी मॅट लागते, आणि बरेचदा रात्र रात्र बसावं लागतं. दहा वर्षांच्या मुलीला त्यात काही करायला मिळत नाही. जुलैची पहाट हा टेंचचा वेळ आहे. टेंच फ्लोटवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या काडीवर नजर ठेवून धरता येतो, तुमच्या ओळखीच्या पद्धतीने. फ्लोटकडे बघत बसण्यात जे सुख कृष्णेवर होतं ते इथेही तेवढंच आहे. दिसायला तर टेंच मला इथल्या सगळ्या माशांत देखणा वाटतो: शेवाळी हिरवा रंग, खवले इतके बारीक की अंग साबणासारखं गुळगुळीत, वल्ह्यासारखे गोल पर आणि लालभडक छोटा डोळा.

सामान साधं ठेवा. 12 किंवा 13 फुटी फ्लोट रॉड, छोटं रील, 5 ते 6 पौंड वजन पेलणारी लाइन. कमळांच्या अगदी कडेला बसणार असाल तर 6 च घ्या. गळ 10 किंवा 12 नंबरचा, काट्याशिवायचा, म्हणजे बार्बलेस. बहुतेक इस्टेटी तेवढ्यालाच परवानगी देतात. तुमच्याकडे शिशाचे छर्रे असतील तर ते घरी ठेवा. राजहंस शिसं गिळून मरायला लागले म्हणून 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर इथे बंदी आहे. दुकानात त्याऐवजी बिनविषारी धातूचे छर्रे मिळतात. एक खोल जाळं आणि मासा ठेवायला एक जाड मॅट, या दोन वस्तूंशिवाय बेलिफ बसू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आमिषासाठी टिनमधला मका, पांढरा ब्रेड आणि गांडुळं पुरेत. गांडूळ तुम्हाला हाताळता येतंच, पण त्याला पर्च आधी येतात. टेंचसाठी मी मक्याचे दोन दाणे किंवा ब्रेडचा मऊ चुरा गळाभोवती दाबून लावतो. शेंगदाणे कुठल्याही रूपात नेऊ नका. नीट न भिजवलेले, न शिजवलेले दाणे माशाच्या पोटाला घातक ठरतात, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांना मनाई असते. चाऱ्यासाठी ब्रेडचा कोरडा भुगा पाण्यात भिजवायचा, त्यात मूठभर मका टाकायचा आणि संत्र्याएवढे चार-पाच गोळे कमळांच्या कडेपासून हातभर अलीकडे टाकायचे. तिथे नंतर अधूनमधून दहा-वीस दाणे भिरकवायचे. पहिल्याच तासात बादलीभर चारा ओतणारे लोक मी बघतो. टेंच येतो, पोटभर खातो आणि गळाकडे वळतही नाही.

खोली मोजल्याशिवाय चारा टाकू नका. प्लमेट नावाचं छोटं वजन गळाला अडकवायचं आणि ठरवलेल्या जागी टाकायचं. फ्लोट बुडाला तर वर सरकवायचा, आडवा पडला तर खाली, असं करत त्याचं टोक पाण्यावर जेमतेम दिसेपर्यंत. पाच-सहा जागी मोजा. प्लमेट वर काढल्यावर त्याला काय लागलंय ते बघा आणि वासही घ्या. काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ असेल तर ती जागा सोडा. चिकणमाती लागली किंवा खाली टणक जागेवर बसल्याचं हाताला जाणवलं, की तिथे चारा टाका. कमळांजवळ तीन ते पाच फूट पाणी मिळालं तर उत्तम.

आता फ्लोट बांधण्याची पद्धत. इथे याला लिफ्ट मेथड म्हणतात आणि टेंचसाठी मला हिच्याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. मोरपिसाच्या काडीचा सरळ फ्लोट घ्या, त्याचं फक्त खालचं टोक रबराने लाइनला जोडा. गळापासून दोन-तीन इंचांवर एकच मोठा छर्रा लावा, फ्लोटला सहज बुडवेल एवढा. फ्लोट खऱ्या खोलीपेक्षा थोडा वर सरकवा. टाकल्यावर छर्रा तळाला टेकेल आणि फ्लोट पाण्यावर आडवा पडेल. मग रॉड स्टँडवर ठेवून रील हळूहळू गुंडाळा. लाइन ताणली जाऊन फ्लोट उभा राहतो आणि टोक अर्धा इंच वर उरतं. टेंच खाताना डोकं खाली, शेपूट वर करतो. आमिष तोंडात घेऊन तो आडवा झाला की छर्रा तळावरून उचलला जातो. त्याचं वजन गेल्यामुळे फ्लोट बुडण्याऐवजी वर येतो, वर वर येतो आणि लवंडतो. कृष्णेवर फ्लोट खाली गेला की झटका द्यायची तुमची सवय असेल, इथे तो वर येत असतानाच रॉड बाजूला उचला. जोराचा झटका नको, मनगटाने उचललं की पुरे. त्याआधी फ्लोट थरथरतो, एखादा इंच सरकतो, पुन्हा थांबतो. तो टेंचच्या पराचा लाइनला होणारा स्पर्श असतो. तेवढ्यावर उचललं तर मासा बुजतो. मुलीला हे आधीच समजावून सांगा, कारण थांबणं हाच यातला अवघड भाग आहे.

टेंच लागला की तो कमळांकडे धावतो. रील घट्ट धरू नका, पण पहिल्या दहा सेकंदांत त्याला वळवलाच पाहिजे. रॉड आडवा, पाण्याला समांतर धरून बाजूने ओढा. एकदा मोकळ्या पाण्यात आला की मग घाई नाही. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा त्याच्यावर आणा, जाळं माशावर घालू नका.

बाहेर काढल्यावरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॅट आधीच पाण्याने भिजवलेली हवी, हात ओले हवेत. माशाच्या अंगावरचा चिकट थर हे त्याचं संरक्षण आहे, कोरड्या हाताने तो निघतो आणि तिथे रोग शिरतो. फोटो काढायचा तर गुडघ्यावर बसून, मासा मॅटच्या वर वीतभर धरून. उभं राहून धरलेला मासा निसटून पडला तर तो पोहत गेला तरी वाचेलच असं नाही. सोडताना पाण्यात दोन्ही हातांवर सरळ धरा, तो आपणहून जोर लावेल तेव्हा जाऊ द्या. घरून आणलेलं जाळं आणि मॅट कोरडी खडखडीत असावीत. काही इस्टेटी फाटकाशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या टाकीत ती बुडवायला लावतात, काही स्वतःचीच जाळी देतात. कोई हर्पिस नावाचा विषाणू कार्पमध्ये पसरला की तळंच्या तळं जातं, आणि तो ओल्या जाळ्यातून एका तळ्यावरून दुसरीकडे पोचतो. पाणी 16 ते 28 अंशांच्या दरम्यान असलं की हा रोग डोकं वर काढतो, म्हणजे नेमका जुलै-ऑगस्ट.

इस्टेटीचे बाकीचे नियम तिकिटाच्या मागे असतील, ते वाचा. फाटकं जशी होती तशी लावायची, मेंढ्या मोकळ्या असतात. उघड्यावर शेगडी पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत. पुन्हा यायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा की ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी हा फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम. शूटच्या दिवशी तळं बंद असतं. नद्यांवर 15 मार्च ते 15 जूनपर्यंत मासेमारीला कायद्याने बंदी आहे. बहुतेक तळ्यांवरची ती 1995 मध्ये उठली, पण बऱ्याच इस्टेटी अजून स्वतःहून पाळतात, 16 जूनलाच फाटक उघडतात. पवई तलावावर अँगलिंग असोसिएशनचे मेंबर जसे बसतात, तशी इथे सिंडिकेट असते. मर्यादित मेंबर, वर्षाची वर्गणी, आणि बरीच थांबायची यादी. डे तिकिटावर नीट वागलेल्या माणसाचं नाव बेलिफच्या लक्षात राहतं, तेव्हा त्या यादीत जायचा तोच खरा रस्ता आहे. वरून विजेच्या तारा जात असतील तिथून लांब बसा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

एक गोष्ट हवामानाची. सलग चार-पाच दिवस कडक ऊन आणि दमट हवा असेल तर पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी कमी झालेला असतो, कारण रात्रभर शेवाळ आणि वनस्पती तो वापरत असतात. टेंच त्यात तग धरतो, पण रोच, पर्च पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. तसं दिसलं तर गळ टाकू नका, लगेच बेलिफला फोन करा. वेळेत पंप लावला तर शेकडो मासे वाचतात. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग आणि सूचनेची पाटी दिसली तर मुलीला पाण्यात हात घालू देऊ नका, निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं.

फाटक उघडायच्या वेळी तिथे असा, जुलैत टेंच बहुधा नऊ-दहापर्यंत खातो आणि ऊन वर आलं की थांबतो. मग मुलीचा हात धरून बोटहाउसकडे किंवा बांधावर जा. तिथे तिच्यासाठी तीन-चार मीटरची साधी रील नसलेली काठी, बारीक फ्लोट, 18 नंबरचा गळ आणि एकेक मॅगट, म्हणजे माशीची अळी, लावा. सावलीत खांबांच्या आडोशाला छोटे पर्च असतात आणि उन्हात वरच्या थरात सोनेरी रड. दोन्ही पटापट येतात. पर्चच्या पाठीवरचा पर टोकदार असतो, पकडताना तो हाताने मागच्या बाजूला दाबून मग मासा धरायचा, हे तिला पहिल्या माशालाच दाखवा. संध्याकाळी सहानंतर पुन्हा कमळांच्या जागेवर या. सकाळी टाकलेला चारा शिल्लक असेल तर नवीन गोळे न टाकता फक्त मूठभर मका टाका.